कम्युनिटी कॉलेजमधून यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) ट्रान्सफर व्हायचंय, दोन वर्षांचं प्लॅनिंग कसं करावं?

मुलगी या फॉलला (सप्टेंबरच्या सुमाराच्या टर्मला) बे एरियातल्या कम्युनिटी कॉलेजला दोन वर्षांसाठी जाणार आणि पुढे यूसीला कॉम्प्युटर सायन्स (सीएस) करायचंय असं तुम्ही लिहिलंय. आमचा मुलगा याच वाटेने गेला म्हणून सांगते, म्हणायला दोन वर्षं पण हातात तेवढी नसतात. अर्ज दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरच्या आसपास जातो, तेव्हा दाखवायला फक्त पहिल्या वर्षाचे आणि समरचे ग्रेड, फॉलचे जानेवारीत अपडेट करायचे. त्यामुळे पहिलं वर्ष रुळण्यात घालवू नका.

सगळ्यात आधी असिस्ट डॉट ऑर्गवर जा, तिचं कॉलेज, यूसीचा कॅम्पस आणि मेजर (मुख्य विषय) टाका, कुठला कोर्स कशाला धरतात ते समोर येतं. चार-पाच कॅम्पसचे कागद शेजारी ठेवून बघा, कारण बर्कलीला लागतं तेच डेव्हिसला लागेल असं नाही. खरी अडचण मॅथ्सची, कॅलक्युलसचा एक भाग झाल्याशिवाय पुढचा घेता येत नाही, फिजिक्सही त्याच्यावरच अडतं आणि प्रीकॅलपासून (कॅलक्युलसच्या आधीचा कोर्स) सुरुवात असेल तर समर धरल्याशिवाय जमत नाही. आणि हो, डी अँझा, फूटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर (सेमिस्टरपेक्षा छोट्या टर्म) चालतात, बाकीची बहुतेक सेमिस्टरवर (ट्रान्सफरला 60 सेमिस्टर युनिट म्हणजे 90 क्वार्टर युनिट), तर कॅलक्युलस जिथे सुरू केलं तिथेच संपवा, मध्येच कॉलेज बदललं की भाग जुळत नाहीत आणि फार डोकेदुखी होते.

जीईचं (सगळ्यांना लागणाऱ्या सामान्य विषयांचं) टेन्शन नको, आता यूसी आणि सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) दोन्हीला चालणारी कॅल-गेटसी ही एकच यादी आहे, पण सीएसवाल्यांनी आधी मेजरचे कोर्स उरकावेत, इंग्रजीचे दोन मात्र लवकर.

टॅग म्हणजे गॅरंटीड ॲडमिशन, सहा कॅम्पस देतात, त्यातला एकच निवडायचा आणि फॉर्म सप्टेंबरमध्येच भरायचा. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो त्यात नाहीत आणि सीएसला बऱ्याच ठिकाणी टॅग चालत नाही, नीट वाचून घ्या. यूसीचा किमान जीपीए (ग्रेडची सरासरी) कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला 2.4, बाहेरच्याला 2.8, पण सीएसला तेवढ्यावर कोणी दारात उभं करत नाही. सॅन होजे स्टेटसारख्या सीएसयूंचे अर्जही भराच.

पुण्याचे नातेवाईक "चांगल्या कॉलेजला नंबर नाही लागला का" विचारतील, हसून सोडून द्या, फी ऐकली की गप्प बसतात.

काउन्सेलरची अपॉइंटमेंट आत्ताच घ्या, क्लास सुरू झाले की स्लॉट मिळत नाहीत, आणि जाताना असिस्टचे प्रिंट बरोबर न्या.