डॉक्टरांना दिसलं नाही, मग मलाच का खटकतंय?

बावीस महिन्यांच्या मुलाला कडेवर घेऊन ती आली, तीच अपराधी चेहऱ्याने. "डॉक्टर म्हणाले, वजन छान आहे, बोलेल हळूहळू. घरचे म्हणतात, याचा बाबाही उशिराच बोलला. मीच उगाच खुसपट काढतेय का?" (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

बोलता बोलता मी मुलापुढे घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा ठेवला, आत चेंडू. त्याने खटपट केली, जमेना. मग आईचं मनगट धरून तिचा हात झाकणावर नेऊन ठेवला. तिच्या तोंडाकडे मात्र एकदाही बघितलं नाही. "घरीही असंच करतो. मला वाटायचं, किती हुशार!"

हुशार असेलही. पण या वयाचं मूल हव्या त्या वस्तूकडे बोट दाखवतं आणि आपण बघतोय ना, म्हणून वळून आपल्याकडे पाहतं. शब्द नसण्यापेक्षा मला हे नसणं जास्त खटकलं.

डॉक्टरांवर खापर फोडण्यात अर्थ नाही. त्यांच्यासमोर मूल येतं ते तापाने फणफणलेलं, नाहीतर सुईच्या धास्तीने आईला चिकटलेलं. दहा मिनिटांत त्यातून काय कळणार? नुसत्या नजरेवर भिस्त नको म्हणूनच प्रश्नावल्या निघाल्या. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना 9, 18 आणि 30 महिन्यांना विकासाची, शिवाय 18 आणि 24 महिन्यांना स्वमग्नतेची (ऑटिझमची) चाळणी लावायला सांगते. त्यातली एम-चॅट ही स्वमग्नतेची प्रश्नावली 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी आहे. 20 प्रश्न, उत्तरं हो किंवा नाही, आणि ती द्यायची पालकांनी. तिने निदान होत नाही, पुढे तपासायचं की नाही एवढं ठरतं.

"नुसतं 'बोलत नाही' म्हणू नका," मी तिला म्हटलं. "हे डब्याचं मोबाइलवर टिपा, डॉक्टरांना दाखवा. प्रश्नावली भरून घ्या म्हणा, आणि कान तपासायला सांगा."

डॉक्टरांनी व्हिडिओ दोनदा पाहिला म्हणे. प्रश्नावलीत 5 गुण आले. 3 ते 7 म्हणजे मध्यम जोखीम, म्हणून खोलात जाऊन पुन्हा विचारपूस झाली. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं निघालं. ते ओसरल्यावर तो हाकेला वळू लागला, बोट मात्र अजून दाखवत नाही. विकासतज्ज्ञांची भेट पुढच्या महिन्यात आहे. वाचा-उपचार त्याआधीच सुरू केलेत, त्यासाठी निदानाची वाट बघायची नसते.

परवा तोच डबा पुन्हा दिला. आईचा हात त्याने ओढलाच, पण झाकण निघालं तेव्हा क्षणभर तिच्याकडे बघितलं. तिने तेही टिपून ठेवलंय, पुढच्या भेटीत दाखवायला.