अभ्यासाला बसलं की हात आपोआप मोबाईलकडे जातो. काय करावं?

मी बेळगावच्या शहापुरात राहतो, बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय. तुमचंच दुखणं मलाही होतं. 'उद्यापासून बघणार नाही' असं ठरवून काहीच झालं नाही, कारण फोन उशाशीच असायचा.

शेवटी फोन खोलीबाहेर काढला. सकाळी ६ ते ९ तो स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यावर. उठून गेलो की आई विचारते, "परत काय बघालास रे?" त्या लाजेपुढे कुठलंही ॲप फिकं! गजरासाठी इथल्या शनिवार खूट चौकातून साधं घड्याळ आणलं. नाहीतर गजर बंद करता करता रील सुरू व्हायची.

मग नोटिफिकेशन. फक्त कॉल चालू ठेवा, बाकी सगळं बंद. गल्लीच्या गणपती मंडळाचा ग्रुप, मित्रांचा ग्रुप, १ नोव्हेंबर (कर्नाटकचा स्थापना दिन, इथल्या मराठी लोकांचा काळा दिवस) जवळ आला की सीमाप्रश्नावर रात्रभर वाद, सगळे म्यूट. ग्रुप सोडू नका, उगाच रुसवेफुगवे होतात. अँड्रॉइडवर डिजिटल वेलबीइंगमध्ये फोकस मोड असतो, त्यात ठरावीक ॲप ठरावीक वेळेला बंद राहतात.

'एकच मेसेज बघतो' हे मात्र महागात पडतं. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की अर्धवट सोडलेल्या कामात मन थोडं अडकून राहतं आणि पुढच्या कामाला पुरतं मिळत नाही. गणित सोडवताना मला हे रोज जाणवतं.

पहिले चार दिवस हात रिकामा खिसा चाचपतो. चाचपू दे.