लाग बाओमेरच्या शेकोटीला जाऊ का?

प्रश्न: मी जेरुसलेमला शिकतोय. गेले काही दिवस गल्लीतली पोरं सुपरमार्केटच्या ट्रॉलीत जुनी दारं, फळ्या, खोकी भरून ढकलत नेतायत, रूममेट म्हणतो लाग बाओमेर आहे, शेकोटीला चल. मी ज्यू नाही, चालेल का? आणि सुट्टी असते का?

उत्तर: अरे बिनधास्त जा! हा योम किप्पूरसारखा (ज्यूंचा उपासाचा दिवस, तेव्हा सगळं बंद) कडक सण नाही, बसेस चालू, दुकानं चालू, शाळांना सुट्टी असते पण तुझ्या क्लासचं डिपार्टमेंटमध्येच विचार. पासओव्हर या ज्यू सणापासून ४९ दिवस मोजतात त्यातला हा ३३वा, आणि हे दिवस जरा सुतकासारखे पाळतात म्हणजे लग्नं नाहीत, केस कापणं नाही, मग या दिवशी सूट मिळाली की लग्नांची आणि सलूनवाल्यांची नुसती चंगळ. दुसऱ्या शतकातल्या रब्बी (म्हणजे ज्यू धर्मगुरू) शिमोन बार योखाई यांची ही पुण्यतिथी मानतात, त्यांची समाधी उत्तरेला मेरोनला. तिथे मात्र पहिल्याच वर्षी नको जाऊस, २०२१ मध्ये चेंगराचेंगरीत ४५ जण गेले होते.

दिवस सूर्यास्ताला सुरू होतो त्यामुळे शेकोटी आदल्या रात्रीच. फॉइलमध्ये गुंडाळलेले बटाटे निखाऱ्यात टाकतात, वरून कोळसा आणि आत वाफाळता, मीठ लावून खायचा, भारी लागतो! काही न्यायचंच तर कोशर (म्हणजे ज्यूंच्या खाण्याच्या नियमांत बसणारं) छाप असलेलं सीलबंद पाकीट ने, घरचं शिजवलेलं नको. उन्हाळी वारं सुटलं की शेकोट्यांवर बंदीही येते, तेवढं बघ. आणि निघताना खिडक्या लाव रे, वाळत घातलेले कपडे आत घे, नाहीतर धुराचा वास जाता जात नाही.