‘अ कपल ऑफ’ म्हणजे नेमके किती?

कळंगुट-बागा भागात हॉटेलच्या काउंटरवर नवीन लागला असाल, तर ‘अ कपल ऑफ’ सतत कानावर पडेल. मूळ अर्थ दोन. बोलताना मात्र तो सैल होतो, ‘अ कपल ऑफ डेज’ कधी तीन दिवसही असतात. म्हणून टॉवेल मागितले तर खुशाल दोन द्या. खोली हवी असेल तर ‘टू नाइट्स ऑर थ्री?’ विचारूनच लिहून घ्या.

आपली खरी फसगत अशी, की ‘कपल’ ऐकले की नवरा-बायकोच डोळ्यांसमोर येतात. ‘अ कपल ऑफ गेस्ट्स’ म्हणजे कोणतेही दोन पाहुणे. न विचारता डबल बेड दिलात तर पंचाईत! आपले ‘दोन-चार’ही इथे बसत नाही, ते ‘अ फ्यू’च्या जवळचे. त्यातला ‘अ’ गिळू नका. ‘वी हॅव अ फ्यू रूम्स’ म्हणजे थोड्या खोल्या आहेत. ‘वी हॅव फ्यू रूम्स’ म्हणजे जवळजवळ नाहीतच.

क्रियापद अनेकवचनी: ‘अ कपल ऑफ चेअर्स आर ब्रोकन’. पाणी मोजता येत नाही, म्हणून ‘अ कपल ऑफ बॉटल्स ऑफ वॉटर’. अमेरिकी पाहुणे ‘ऑफ’ गाळतात, ‘अ कपल बिअर्स’. तुम्ही लिहिताना ठेवा.