हवाईचे भूकंप शिकायला निघालेल्या एकीला

अनेक आशीर्वाद.

हवाई बेटावरच्या किलाउएआ ज्वालामुखीच्या भूकंपांवर काम करायचं तू पक्कं केलंस, हे वाचून बरं वाटलं. पत्रासोबतचा आलेखही पाहिला. २०१८ च्या उन्हाळ्यातले भूकंप, दिवसागणिक मोजलेले, बेरीज साठ हजारांच्या आसपास. माझा पहिला आलेख हुबेहूब असाच होता. तो मी मोठ्या ऐटीत दाखवला, तर माझ्या वरिष्ठांनी एवढंच विचारलं, "यातल्या कितींनी घरं पाडली?" मी गप्प. तो प्रश्न मला काही वर्षं पुरला, म्हणून तो तुझ्याकडे सोपवतो.

२०१८ चंच बघ. त्या वर्षी सातशेहून जास्त घरं गेली, ती लाव्हाखाली. शिखरावरचे बहुतेक भूकंप म्हणजे खालचा मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, निघून गेल्यावर खचणाऱ्या विवराचा आवाज. बासष्ट वेळा तो तळ खचला, दर खेपेला ५.३ मॅग्निट्यूडच्या आसपासच्या भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडली. आधी बारीक धक्के वाढत जायचे, मग विवर खचायचं, मग थोडा वेळ शांतता आणि पुन्हा तेच. अभ्यासाला याहून सुंदर माल मिळणार नाही. पण बेटाच्या भूकंपधोक्याचा हिशेब या साठ हजारांवर मांडलास, तर तो चुकेल.

मोठा भूकंप येतो तो दुसरीकडून. हा सगळा डोंगर समुद्राच्या जुन्या तळावर रचला गेलाय आणि आठ-दहा किलोमीटर खोलीवर, त्या जुन्या तळाच्या गाळापाशी, एक जवळजवळ आडवी सरकती पातळी आहे. तिला डेकॉलमाँ म्हणतात. रिफ्ट झोनमध्ये, म्हणजे डोंगराला फाकवणाऱ्या भेगांच्या पट्ट्यात, मॅग्मा घुसला की किलाउएआची दक्षिण बाजू समुद्राकडे ढकलली जाते, वर्षाला साधारण सहा सेंटिमीटर. हे जीपीएसवर स्वच्छ दिसतं. कधी कधी ती बाजू गुपचूप सरकते. नोव्हेंबर २००० मध्ये दीडेक दिवसात ती इतकी सरकली की एरवी साडेपाचच्या वरचा भूकंप झाला असता, पण कुणाला काही जाणवलंच नाही. आणि कधी ती एकदम सुटते. २०१८ च्या ४ मे रोजी कॅमेरे लेइलानी इस्टेट्स या वस्तीतल्या लाव्हा ओकणाऱ्या भेगांकडे वळलेले असताना ६.९ चा भूकंप झाला, तो याच पातळीवर. तेव्हा ज्वालामुखीचे भूकंप वेगळे आणि प्रस्तरभंगाचे वेगळे अशी पाठ्यपुस्तकी भिंत या बेटावर उभी करू नकोस. एक दुसऱ्याला ढकलत असतो.

२९ नोव्हेंबर १९७५ ची पहाट तर तुला पाठच हवी. किलाउएआच्या दक्षिणेला हालापेच्या किनाऱ्यावर कड्याखाली काही जण तंबू टाकून राहिले होते. साडेतीनच्या सुमारास ५.७ चा धक्का बसला, कड्यावरून दगड सुटले. दगडांना घाबरून काही जण नारळांच्या राईकडे, म्हणजे समुद्राच्या अधिक जवळ, झोपायला गेले. तसं करणं शहाणपणाचंच वाटलं असणार. सव्वा तासानं ७.७ चा मोठा भूकंप आला. मागे कडा कोसळतोय, पुढे समुद्र वर येतोय. दोघं गेले. किनारा साडेतीन मीटरपर्यंत खचला आणि ती राई समुद्रात उभी राहिली. कागदावर पहिला धक्का 'पूर्वधक्का' म्हणून नोंदला जातो खरा, पण ते नाव त्याला नंतर मिळालं. साडेतीन वाजता तो नुसता ५.७ होता. "आता मोठा येणार का?" असं लोक तुला विचारतील तेव्हा ही पहाट आठवून बोल. आणि किनाऱ्यावरच्यांना एवढंच सांग की जोराचा धक्का हाच त्सुनामीचा इशारा, भोंग्याची वाट बघायची नाही.

आता हिशेबाकडे. धोक्याचे नकाशे 'पन्नास वर्षांत दहा टक्के शक्यता' अशा भाषेत असतात, म्हणजे सुमारे पावणेपाचशे वर्षांत एकदा येणारं हादरणं. आणि बेटाची लिखित नोंद जेमतेम दोनशे वर्षांची. तेवढ्यात या जातीचे दोन फार मोठे भूकंप, १८६८ चा सुमारे ७.९ आणि १९७५ चा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, इथे भांड्यात शितंच दोन! म्हणून नव्या सॉफ्टवेअरइतकाच जुन्या वह्यांचा मान ठेव. हिलोला मिशनरी सारा लायमन यांनी १८३३ पासून जाणवलेल्या धक्क्यांची नोंद सुरू केली, पुढे घरच्यांनी ती १९१७ पर्यंत चालवली. भूशास्त्रज्ञ जॅगर यांनी किलाउएआवर ज्वालामुखी वेधशाळा उभी केली १९१२ मध्ये, म्हणजे त्याआधीची जवळजवळ ऐंशी वर्षं एका घरानं सांभाळली. कोणता धक्का 'जोराचा' आणि कोणता 'बारीक' हे शब्द तोलायला शीक. त्या शब्दांतूनच जुन्या भूकंपांचे आकडे निघतात.

१८६८ मध्ये सत्त्याहत्तर माणसं गेली. शेहेचाळीस त्सुनामीनं आणि एकतीस भूस्खलनाच्या चिखलाखाली. म्हणजे ज्वालामुखीची जुनी राख, पाऊस आणि उतार यांचाही अभ्यास तुझ्या वाट्याला आला. शिवाय २००६. त्या ऑक्टोबरात ६.७ चा भूकंप झाला तो वायव्य बाजूला, एकोणचाळीस किलोमीटर खोल, कुठल्याही वाहत्या लाव्हापासून लांब. बेटाच्या वजनानं खालची प्लेट वाकते, त्या वाकण्यातून तो आला. छोट्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर लाकडी खांब टेकवून बांधलेल्या घरांचे खांब सरकले. पलीकडच्या ओआहू बेटावर वीज गेली. अशा घराखाली एकदा वाकून बघ. खांब ठोकळ्याला नीट बांधलाय का, मध्ये तिरप्या पट्ट्या आहेत का. तुझ्या वरिष्ठांना हे आपलं काम नाही असं वाटेल. वाटू दे.

(वर्तमानपत्रं मॅग्निट्यूडलाच तीव्रता म्हणतात. तू म्हणू नकोस. मॅग्निट्यूड भूकंपाचा एकच असतो, तीव्रता गावागणिक वेगळी, राखेच्या जमिनीवर एक आणि सलग खडकावर दुसरी.)

आता काम. मशीन लर्निंगनं बेटाच्या दक्षिणेकडच्या पहाला गावाच्या खाली तीस-चाळीस किलोमीटरवरचे हजारो बारके भूकंप शोधून मॅग्माचे आडवे थर दाखवले. त्या कामापुढे मी टोपी काढतो. तरीही आधी दोनशे भूकंप हातानं वाच. पडद्यावर आधी पोचणाऱ्या पी लहरीची सुरुवात बहुतेक वेळा टोकदार दिसेल, मागून येणारी एस लहर मात्र पीच्याच शेपटीत गुरफटलेली. दोघींतल्या सेकंदांना आठानं गुणलं की किलोमीटरमधल्या अंतराचा कच्चा अंदाज येतो. मॅग्मा हलतानाचे लांब लहरींचे धक्के आले की एस सापडतच नाही, आणि वाऱ्याच्या दिवशी सगळ्या स्टेशनवर गवत उगवल्यासारखं दिसतं. स्टेशनं सगळी जमिनीवर, भूकंप मात्र बरेचसे किनाऱ्यापलीकडे. एकाच बाजूनं ऐकल्यावर खोली कशी नीट येणार? संगणक तरी दशांशापर्यंत खोली छापतो. त्यावर विश्वास ठेवू नकोस. रिफ्टच्या गाभ्यातला दाट खडक लहरी लवकर पोचवतो, त्यानंही भूकंपाची काढलेली जागा हलते.

दोनशे झाले की वही मला पाठव. स्वच्छ प्रत नको, खोडलेलीच दे. मला खोलीचा रकाना आधी बघायचाय.

तुझा,
काका