एकच शब्दपट्टी, तीन निरनिराळ्या अडचणी

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातील प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. वाचनात मागे असलेल्या आठ मुलांसाठी रोज पाऊण तास उपचारात्मक वर्ग घेते. बाराखडी, शब्दपट्ट्या आणि मग परिच्छेद असा सर्वांना एकच क्रम आहे. चार महिन्यांत पाच मुले पुढे सरकली, तिघे मात्र जिथल्या तिथे आहेत. त्यांना अधिक वेळ द्यावा का?

उत्तर : वेळ वाढवण्याआधी त्या तिघांना एकेकटे जवळ बसवा. एक परिच्छेद मुलाला वाचायला द्या आणि तेवढाच अवघड दुसरा परिच्छेद आपण त्याला वाचून दाखवा. दोन्हींवर चार-चार सोपे प्रश्न विचारा. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली मांडले की वाचून समजणे हा अक्षरांची उकल (म्हणजे अक्षरे जुळवून शब्द वाचणे) आणि भाषेची समज यांचा गुणाकार असतो. म्हणजे दोहोंपैकी एक शून्य असेल, तर दुसरे कितीही वाढवले तरी उत्तर शून्यच येते.

ऐकलेल्या परिच्छेदाची उत्तरे फटाफट देणारा, पण स्वतः वाचताना ‘पाऊल’ला ‘पाऊस’ आणि ‘पर्वत’ला ‘परवत’ म्हणणारा मुलगा उकलीत अडला आहे. त्याला पुन्हा सगळी बाराखडी घोकायला लावू नका, कारण त्याची अडचण बहुधा रफार, रकार आणि जोडाक्षरांत असते. ‘टमिका’, ‘गर्नो’ असे निरर्थक शब्द वाचायला दिले की तो अंदाजाने वाचतो की अक्षरे जुळवून, हे लगेच उघड होते. अचूक पण रखडत वाचणाऱ्याला मात्र नव्या शब्दपट्टीची गरज नसते. त्याच्याकडून एकच छोटा उतारा तीन-चार दिवस मोठ्याने वाचून घ्यावा.

तिसरा प्रकार आपल्या भागात हमखास आढळतो आणि नेमका तोच नजरेतून सुटतो. घरी पावरी किंवा भिलोरी बोलणारे मूल मराठी परिच्छेद घडाघडा वाचते, पण वाचून आणि ऐकून, दोन्ही वेळा गप्प राहते. तेच प्रश्न त्याच्या घरच्या भाषेत विचारून पाहा. तेथे ते मोकळेपणाने बोलले, तर त्याला शब्दपट्टी देणे म्हणजे तहानलेल्याला जेवायला वाढणे होय; त्याला हवी आहेत ती मराठीतली संभाषणे, चित्रांवरच्या गप्पा आणि वाचण्यापूर्वी गोष्टीतल्या नव्या शब्दांची ओळख.

तिघांचीही दृष्टी आणि श्रवण आधी तपासून घ्यावे. उकलीवर नेमके काम करूनही एखादे मूल हलत नसेल, तर अध्ययन अक्षमतेची (बुद्धी सामान्य असूनही वाचन-लेखन शिकण्यात येणाऱ्या कायमच्या अडचणीची) तपासणी करून घेण्यास पालकांना सुचवावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. ही तपासणी शक्यतो मराठीतूनच व्हावी.