विशेष सापेक्षतेसाठी गणित नेमकं किती लागतं?

तुम्ही लिहिलंय की दहावीनंतर कॉमर्सला गेलात, गणित सुटलं, आणि आता कुणी म्हणतं की टेन्सर (वक्र अवकाशासाठी लागणारं बरंच पुढचं गणित) आणि कॅल्क्युलस आल्याशिवाय सापेक्षतेच्या वाटेला जाऊ नका. हा सल्ला मनावर घेऊ नका. टेन्सर लागतात ते सामान्य सापेक्षतेला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताला. आइनस्टाइनने १९०५ मध्ये विशेष सापेक्षता, म्हणजे एकसमान वेगाने जाणाऱ्यांची वेळ आणि अंतरं कशी वेगळी येतात याचा सिद्धांत, मांडली ती टेन्सरशिवायच. ते गणित त्याने १९१२ पासून झुरिकमध्ये मार्सेल ग्रॉसमन या मित्राच्या मदतीने आत्मसात केलं. तुम्हाला दहावीचं बीजगणित, पायथागोरस आणि आलेखावरची सरळ रेषा एवढं पक्कं हवं. कॅल्क्युलस लागेल, पण त्वरण आणि ऊर्जेपर्यंत पोचल्यावर.

पहिल्या दिवशी एकच काम करा. गाडीच्या डब्यात एक प्रकाशकिरण जमिनीवरून सरळ छतावर जातोय असं समजा. स्टेशनवरून पाहणाऱ्याला तो तिरका गेलेला दिसतो, कारण तेवढ्यात गाडी पुढे सरकली. काटकोन त्रिकोण काढा: उंची म्हणजे डब्यातल्या वेळेत प्रकाशाने कापलेलं अंतर, पाया म्हणजे गाडी सरकली ते अंतर, कर्ण म्हणजे स्टेशनच्या वेळेत प्रकाशाने कापलेलं अंतर. प्रकाशाचा वेग दोघांनाही सारखाच, ही एवढीच अट. प्रकाशाचा वेग १ धरा, गाडीचा ०.६. मग पायथागोरस लावून १ उणे ०.६ चा वर्ग, म्हणजे १ उणे ०.३६ म्हणजे ०.६४, त्याचं वर्गमूळ ०.८, आणि १ भागिले ०.८ म्हणजे १.२५. हाच तो गॅमा, म्हणजे वेळ किती पट ताणली जाते तो आकडा. डब्यातल्या १ सेकंदाला स्टेशनवर १.२५ सेकंद.

इथवर बहुतेक जण येतात आणि इथेच अडकतात. गाडीच्या दृष्टीने तर स्टेशनच पळतंय, मग स्टेशनचं घड्याळ मंद चालायला हवं. दोघांचीही घड्याळं एकमेकांपेक्षा मंद कशी? माझ्या मते या विषयातली खरी अडचण ही आहे, आणि ती शब्दांनी सुटत नाही, आकडे घालूनच सुटते.

एकाच्या वेळेवरून दुसऱ्याची वेळ काढायचं लॉरेंट्झचं सूत्र या वेगासाठी असं: गाडीतली वेळ = १.२५ × (स्टेशनची वेळ − ०.६ × अंतर). अंतर प्लॅटफॉर्मपासून मोजायचं, प्रकाश-सेकंदांत, म्हणजे प्रकाश एका सेकंदात जितका जातो त्या मापाने. गाडी प्लॅटफॉर्मच्या घड्याळापाशी आली तेव्हा दोन्ही घड्याळं शून्यावर होती. स्टेशनच्या १० सेकंदांनी गाडी ६ प्रकाश-सेकंद पुढे गेली. गाडीचं घड्याळ दाखवेल १.२५ × (१० − ३.६), म्हणजे ८. स्टेशन म्हणेल, माझे १० झाले, तुझे ८च.

आता गाडीला विचारा: तुझे ८ झाले त्या क्षणी प्लॅटफॉर्मच्या घड्याळात किती? प्लॅटफॉर्मसाठी अंतर शून्य, म्हणून ८ = १.२५ × वेळ, उत्तर ६.४. गाडी म्हणेल, माझे ८ झाले, तुझे ६.४च. गुणोत्तर दोन्हीकडे ०.८, आणि भांडण कुठेच नाही. ‘त्या क्षणी’ म्हणताना स्टेशनने प्लॅटफॉर्मवरची १० ची घटना धरली, गाडीने ६.४ ची. सूत्रातला ‘उणे ०.६ × अंतर’ हा तुकडा म्हणजेच ‘एकाच वेळी’ या कल्पनेतला फरक. पुस्तकं गॅमाचं फार कौतुक करतात, या तुकड्याकडे मात्र पुरेसं लक्ष देत नाहीत.

याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दडली आहे: १० चा वर्ग उणे ६ चा वर्ग म्हणजे ६४, म्हणजे ८ चा वर्ग. वेळेचा वर्ग उणे अंतराचा वर्ग सगळ्यांना सारखाच येतो. मिन्कोव्स्की या गणितज्ञाने १९०८ मध्ये यावरच अवकाश-काळाची भूमिती उभी केली. पायथागोरसमधलं अधिक चिन्ह उणे होतं, एवढाच बदल.

प्रत्यक्ष पुरावा हवा असेल तर म्युऑन पाहा, म्हणजे वातावरणात उंचावर तयार होणारा, लगेच नष्ट होणारा सूक्ष्म कण. त्याचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ६६० मीटर जातो. तरी कित्येक किलोमीटर उंचीवर तयार झालेले म्युऑन जमिनीवर पोचतात. वेग ०.९९५ घालून गॅमा काढा, १० च्या आसपास येईल, म्हणजे आपल्या घड्याळाने त्यांचं आयुष्य दहापट लांबतं. अशा कणांवरून सापेक्षतेची थेट पडताळणी होऊ शकेल हे होमी भाभांनी १९३८ मध्येच सुचवलं होतं, आणि १९४१ मध्ये रॉसी आणि हॉल यांच्या प्रयोगात ती झाली.

आता वरचं स्टेशनचं गणित ०.८ वेगासाठी स्वतः करा, कागदावर, कॅल्क्युलेटरशिवाय. गॅमा ५/३ येईल, आणि स्टेशनच्या १० सेकंदांना गाडीत ६. प्लॅटफॉर्मचं उत्तर मुद्दाम देत नाही. कुठे अडलात तर आकडेमोड जशी असेल तशी इथे टाका, बघतो.